मधला चेंडू कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापला आहे.)



दरवर्षी या दिवशी कोणी उपवासाचे नवे पदार्थ सांगते, कोणी काशीयात्रेची हकीकत वाचते. यंदा मी आपण होऊन दहा मिनिटे मागून घेतली, तेव्हा सेक्रेटरीबाई जरा चकित झाल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशेब यापलीकडे मी मंडळात कधी उभे राहून बोललेले नाही. आज कागद हातात धरला आहे तो थरथरतो आहे हे मागच्या रांगेतल्या भगिनींनाही दिसत असेल. तरी पण बोलणे भाग आहे. खेळाच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिची शिक्षा दुसऱ्या कोणाला तरी झाली. तेवढे सांगायचे आहे. पण ती चूक समजायची तर खेळ समजला पाहिजे, म्हणून आधी खेळाचेच सांगते.

आपल्या आवारात बॅडमिंटनच्या जागेवर दोन वर्षांपूर्वी नव्या रेघा मारल्या, तेव्हा ‘पिकलबॉल’ हे नाव ऐकून आपण सगळ्या हसलो होतो. लोणच्याचा चेंडू म्हणून मीही हसले. नंतर मुलाने माहिती वाचून दाखवली. १९६५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज नावाच्या बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम या तीन गृहस्थांनी हा खेळ काढला. सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना काहीतरी द्यायचे म्हणून लाकडी बॅटी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन बॅडमिंटनच्या कोर्टावर ते खेळले. नाव दिले प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी. तिकडे होड्यांच्या शर्यतीत निरनिराळ्या होड्यांतले उरलेसुरले वल्हेकरी एकत्र बसवून जी होडी करतात तिला लोणच्याची होडी म्हणतात, त्यावरून. काही लोक त्यांच्या कुत्र्याचे नाव पुढे करतात, ती गोष्ट निराळी. मला होडीचे कारण पटले. दुपारच्या चार वाजता घरातली कामे आवरून ज्या आपण खाली उतरतो, त्या उरल्यासुरल्याच की!

आपल्याकडे हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी आणला. ते कॅनडा-अमेरिकेकडे गेले असता त्यांनी तो पाहिला, येताना बॅटी-चेंडू घेऊन आले आणि २००८ साली त्यांनी अखिल भारतीय संघटना काढली. म्हणजे आपल्या मराठी माणसानेच हा खेळ इकडे रुजवला. आता शीळफाट्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत ज्या नव्या वसाहती झाल्या, त्यांत मुले संध्याकाळी हाच खेळताना दिसतात.

कोर्टाचे माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाइतकेच, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. जाळे मात्र खाली असते. कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. हे मधले दोन इंच लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे. जाळ्यापासून दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो आणि त्याला चक्क किचन म्हणतात. मौज अशी की, जन्मभर आम्हाला सांगितले की बाईची जागा किचनमध्ये, आणि हा खेळ सांगतो की किचनमध्ये उभे राहून उडता चेंडू मारलास तर चूक. टप्पा पडलेला चेंडू आत जाऊन खुशाल मारावा, पण लगेच बाहेर यावे. हवेतला चेंडू मारताना त्या रेघेला पाय लागला, किंवा मारून झाल्यावर तोल जाऊन आत पाऊल पडले, तरी चूकच. मला हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला.

आणखी एक नियम सगळ्याच्या मुळाशी आहे. सर्व्हिस केल्यावर चेंडूचा एक टप्पा पलीकडे पडला पाहिजे, आणि त्यांनी परत मारल्यावर एक टप्पा अलीकडे पडला पाहिजे. मगच हवेतल्या हवेत मारायची परवानगी. या दोन टप्प्यांमुळे कोणी कोठे उभे राहायचे ते ठरते. सर्व्हिस करणाऱ्या दोघींनी मागच्या रेघेपाशीच थांबावे, कारण परत येणाऱ्या चेंडूचा टप्पा पडू द्यायचा आहे. पुढे धावलात तर चेंडू पायाशी येऊन पडेल आणि तुम्ही त्याच्याकडे बघत राहाल. पलीकडच्या बाजूला जिने सर्व्हिस घ्यायची ती मागे, पण तिच्या जोडीदारणीला मागे काहीच काम नाही. तिने आधीपासूनच किचनच्या रेघेवर जाऊन उभे राहावे. सर्व्हिस घेणारीने चेंडू खोल, म्हणजे पार मागच्या रेघेजवळ मारावा आणि चेंडू उडतो आहे तोवर चालत पुढे येऊन जोडीदारणीच्या शेजारी उभे राहावे. मग जाळ्यापाशी दोघी आणि मागे अडकलेल्या दोघी, असा सामना होतो. मागच्यांनी त्यातून सुटायचे तर जोराने मारून उपयोग नाही. पुढच्या दोघी तो जोर तुमच्यावरच उलटवतात. चेंडू अलगद, दुधावरची साय काढावी तसा, त्यांच्या किचनमध्ये टाकायचा. तो जाळ्याच्या खाली जातो, त्यांना तो वर उचलावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आपण पुढे सरकतो.

या हलक्या मारण्याला डिंक म्हणतात. आता डिंक म्हटले की आपल्याला बाळंतिणीचे लाडू आठवणार, त्याला इलाज नाही.

हे सगळे मला आज तोंडपाठ आहे. ज्या दिवशी माहीत असायला पाहिजे होते, त्या दिवशी नव्हते.

माझ्या थोरल्या जाऊबाई आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सगळे दिव्याला दोन खोल्यांत राहत होतो. पुढे आम्ही इथे आलो आणि दोन वर्षांनी त्याही शेजारच्या इमारतीत आल्या. माझ्यापेक्षा त्या अकरा वर्षांनी मोठ्या. घरात कोणतीही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि खरे सांगायचे तर त्यात त्रास काही नाही, कारण त्या विचारल्यावर नाही क्वचितच म्हणतात. खेळायलाही मीच त्यांना ओढून आणले. गुडघे दुखतात म्हणत होत्या. म्हटले, कोर्ट लहान आहे, धावायचे नाही, या तर खरे.

मी पूर्वी मुलाबरोबर फुलाचे बॅडमिंटन खेळत असे आणि दूरदर्शनवर जोड्यांचे सामने पाहिले होते. बॅडमिंटनमध्ये चढाई करताना एक पुढे आणि एक मागे उभी राहते. तेच मी इथे आणले. मी पुढे, जाऊबाई मागे. मला वाटले, मोठ्या आहेत, मागे राहिल्या तर त्यांना पुढची झटापट नको. चांगल्या मनाने केले, पण पुरते उलटे केले. या खेळात एक पुढे, एक मागे ही सर्वांत वाईट जागा. कारण पलीकडच्या मुली माझ्याकडे कशाला मारतील? त्या एकट्या मागच्या बाईकडे मारतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वीस फूट रुंदी एकटीने धावायची. ज्यांना धावायला नको म्हणून मागे ठेवले, त्यांनाच मी जास्तीत जास्त धावायला लावले. पुढे उभी राहून मी मजेत होते, हे आता आठवते तेव्हा लाज वाटते.

शिवाय मधल्या चेंडूचे भांडण. भांडण म्हणजे उघड नव्हे. दोघींच्या मधून चेंडू जायचा आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. मी मनात म्हणायची, मोठ्या आहेत, त्यांचा मान. त्या म्हणायच्या, लहान आहे, तिचे पाय चपळ. चेंडू आमच्या मानपानाची वाट बघत नसे. आपल्या फाट्यावर रोज संध्याकाळी काय होते ते आठवा. मुंब्रा बायपासकडून येणारे कंटेनर, कल्याणकडून येणाऱ्या बसगाड्या, महाप्याकडून येणाऱ्या मोटारी, आणि मध्ये सगळे अडून बसलेले. कोणी आधी जायचे हे ठरलेले नसले की रस्ता कितीही रुंद करा, गाडी हलत नाही. इतके पूल झाले, मुंबई-अहमदाबाद गाडीचा २१ किलोमीटरचा बोगदाही आपल्याच गावाच्या पोटातून बाहेर निघायचा आहे, पण फाट्यावर शेवटी हात दाखवणारा पोलीसच लागतो. आमच्या दोघींच्या मध्ये हात दाखवणारे कोणी नव्हते.

मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजा आटोपून आम्ही खाली उतरलो होतो. समोर दोन कॉलेजच्या मुली, चांगल्या खेळणाऱ्या. आमचे आठ, त्यांचेही आठ गुण. अकरा गुणांना डाव, तोही दोन गुणांनी पुढे असल्याशिवाय संपत नाही. जाऊबाई मागे धावून थकल्या होत्या, म्हणून त्या आपण होऊन पुढे आल्या आणि माझ्या डाव्या हाताला किचनच्या रेघेवर उभ्या राहिल्या. खरे म्हणजे तीच बरोबर जागा होती! पण मला ते कळले नाही. मुलीने चेंडू उंच उडवला, तो माझ्या डोक्यावरून मागे गेला. मी सवयीने उभीच राहिले. मनात एकच, मागचा चेंडू त्यांचा. त्याही सवयीने मागे निघाल्या, तोंड जाळ्याकडे, डोळे वर, पाय उलटे टाकीत, माझ्या पाठीमागे तिरक्या. शेवटच्या क्षणी मला वाटले, चेंडू तर माझ्या बाजूचा आहे, आणि मीही दोन पावले उलटी मागे गेले. तोंडातून एक शब्द काढला नाही. माझा खांदा त्यांना लागला. त्या उजव्या हातावर पडल्या.

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते. जाऊबाईंनी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितले की, जागा ओली होती, पाय सटकला. सकाळी कोर्ट धुतले होते हे खरे. पण संध्याकाळी ते कोरडे ठणठणीत होते. मला कोणी बोलू नये म्हणून त्यांनी तसे सांगितले. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. एकदा गप्प राहिले की दुसऱ्या वेळी बोलणे अधिक कठीण होते. त्यावरून सफाईच्या काकांना बोलणी खावी लागली. त्यांनी दोनदा सांगितले की पाणी सकाळीच सुकले होते, पण मोठ्या घरच्या बाईपुढे त्यांचे कोण ऐकणार? आणि त्यावरूनच आपल्या मंडळाने ठराव केला की जागा निसरडी आहे, बायकांनी हा खेळ बंद ठेवावा. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते.

भगिनींनो, जागा निसरडी नव्हती. चूक माझी होती. काल जाऊबाईंना विचारून, त्यांची परवानगी घेऊन मी हे बोलते आहे. त्या म्हणाल्या, “सांग बाई, माझेही ओझे उतरेल.”

प्लॅस्टरच्या दिवसांत मी रोज दुपारी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जात होते. एके दिवशी त्यांनी पाट मागितला. त्यावर खडूने रेघा मारायला लावल्या, सातफुटी किचनसुद्धा. चार बटणे घेतली, दोन पांढरी आमची, दोन काळी त्या मुलींची, आणि चेंडू म्हणून एक वाटाणा. डाव्या हाताने बटणे सरकवीत म्हणाल्या, “आता मला दाखव, मी कुठे उभी असायला पाहिजे होते.” मला दाखवता येईना. मग मुलाने मोबाइलवर जाणत्या खेळाडूंचे सामने लावून दिले. आवाज बंद करून आम्ही फक्त पाय बघितले. चेंडूकडे बघायचे नाही, हे त्यांनीच ठरवले. चार दिवस नुसते पाय बघितल्यावर काय दिसले ते सांगते.

त्या दोघी नेहमी एका रेघेत असतात. पुढे तर दोघी पुढे, मागे हटायचे तर दोघी मागे. आणि डावी-उजवीकडेही दोघी बरोबर सरकतात. आपण दोघीजणी मिळून चादरीची घडी घालतो ना, तसेच. एक पुढे आली की दुसरी पुढे येते, एकीने ताणले की दुसरीला तोल धरावाच लागतो, आणि मध्ये चादर लोंबू द्यायची नाही. चेंडू पलीकडे आपल्या डाव्या कोपऱ्यात गेला, तर डावीकडच्या बाईने कडेची रेघ सांभाळायला सरकावे आणि उजवीकडच्या बाईने दोन-तीन पावले मध्यावर यावे. मग उजवा कोपरा उघडा पडतो, असे मी जाऊबाईंना म्हटले. त्यांनी वाटाणा त्या कोपऱ्यातून ढकलून पाहिला. तिरका इतका घ्यावा लागतो की तो जाळ्याला तरी अडतो किंवा कडेच्या बाहेर तरी पडतो. अवघड फटका आहे तो. मारला कोणी तर वाहवा म्हणावे आणि गुण द्यावा. सोपा फटका मधोमधचा. तिथे जाळे दोन इंचांनी खाली, बाहेर जाण्याची भीती नाही, आणि दोन बायकांचा घोटाळा उडतो तो वेगळाच. म्हणून मधली वाट आधी बंद करायची.

मागच्या रेघेपासून किचनच्या रेघेपर्यंत पंधरा फूट आहेत. ही वाट एका दमात पळायची नाही. समोरचीची बॅट चेंडूकडे फिरू लागली की जिथे असाल तिथे दोन्ही पाय जमिनीवर टेकून थांबायचे, चेंडू घ्यायचा, मग पुन्हा पुढे. धावता धावता घेतलेला चेंडू हटकून जाळ्यात जातो. माझा तर नेहमी जायचा आणि मी बॅटला दोष द्यायची.

आता मधला चेंडू. तो मानाचा प्रश्न नाही, हाताचा प्रश्न आहे. दोघी उजव्या हाताने खेळणाऱ्या असतील तर डावीकडे उभ्या असलेल्या बाईचा सरळ हात मध्यावर येतो, उजवीकडच्या बाईचा उलटा हात येतो. म्हणून मधला चेंडू डावीकडच्या बाईचा. एखादी डावखुरी असेल तर तिला उजवीकडे उभे करावे, मग दोघींचे सरळ हात मध्यावर येतात, आणि अशा वेळी कोणाचा ते आधी बोलून ठेवावे. पण यात एक भानगड आहे. आपली सर्व्हिस असताना गुण मिळाला की दोघी जागा बदलतात. म्हणजे दर गुणाला मधल्या चेंडूची मालकीण बदलते! आमच्यासारख्यांचे डोके यात फिरते.

यावर उपाय आहे, आणि तो नियमात बसतो. नियम एवढाच म्हणतो की, सर्व्हिस योग्य बाईने योग्य बाजूने करावी आणि घेणारीही योग्य असावी. बाकीची बाई कोठेही उभी राहिली तरी चालते, अगदी रेघेच्या बाहेरसुद्धा. म्हणून मला उजवीकडून सर्व्हिस करायची पाळी आली की जाऊबाई माझ्याही उजव्या हाताला जाऊन उभ्या राहतात. सर्व्हिस झाली की मी डावीकडे सरकते आणि त्या उजवी बाजू घेतात. त्यांना डावीकडून सर्व्हिस करायची असेल तर मी त्यांच्या डाव्या हाताला उभी. सर्व्हिस झाली की त्या उजवीकडे सरकतात. परवा कोणी म्हणाले, ही लबाडी आहे. लबाडी नाही. पंगतीत डाव्या हाताला मीठ-लोणचे वाढतात तशी ठरलेली जागा आहे.

मी डावीकडे राहायचे, म्हणजे मधला चेंडू माझा, हे जाऊबाईंनी स्वतः ठरवले. पाटावर पांढरे बटण डावीकडे सरकवून म्हणाल्या, “हे तू. मधले सगळे तुझे. मला विचारायचे नाही.” चोवीस वर्षांत मला त्या असे कधी म्हणाल्या नव्हत्या. मी उठून भाकरी उलटायला गेले. भाकरी करपली होती.

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूचे मात्र नीट ऐका, कारण हाडे इथेच मोडतात. एक पाऊल मागे टाकून हात पोचत असेल तर आपला आपण मारावा. पोचत नसेल तर जिच्या डोक्यावरून गेला तिने मागे जायचे नाही. दुसऱ्या बाजूच्या बाईने पाठ फिरवून, जाळ्याकडे पाठ करून, तिरके धावत जाऊन टप्पा पडल्यावर तो घ्यायचा. पहिलीने तिच्या रिकाम्या जागी सरकायचे आणि मोठ्याने ‘बदल’ म्हणायचे. त्या दिवशी जाऊबाईंचे निघणे बरोबर होते, पण उलटे पाय चूक. माझे उभे राहणे पहिल्यांदा बरोबर होते आणि मग हलणे चूक. आणि दोघींचे गप्प राहणे सर्वांत मोठी चूक. उलट्या पावलांनी कधीही मागे जाऊ नका. वळा आणि धावा. धाववत नसेल तर सोडून द्या. आम्ही त्या वेळी ‘जाऊ दे’ असे ओरडतो. दोघी जावा ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणून ओरडतात याचे मुलांना फार हसू येते.

‘माझा’, ‘तुझा’, ‘बदल’, ‘जाऊ दे’, एवढे चार शब्द पुरतात. सुरुवातीला मला मोठ्या जावेला ‘तुझा’ म्हणवेना. ‘तुमचा’ म्हणेपर्यंत चेंडू निघून जाई. त्यांनीच सांगितले, कोर्टावर तू म्हण. कोर्टाबाहेर आल्यावर मी पुन्हा तुम्ही म्हणते.

प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी बराच काळ हाताचे व्यायाम केले. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गेल्या महिन्यात आम्ही पहाटे, कोणी नसताना, खाली उतरलो. ठराव मोडला, त्याबद्दल मंडळाची क्षमा मागते. त्यांच्या मनगटात पूर्वीचा जोर नाही. ओली चादर अजून पिळवत नाही. पण अलगद टाकायला जोर लागत नाही, आणि त्यांचा डिंक आता माझ्यापेक्षा सरस पडतो. परवा त्याच दोन मुलींबरोबर खेळलो. आम्ही हरलो, नऊ-अकरा. नऊ गुण मिळाले हेच मोठे. त्यातले चार मधल्या चेंडूवर मिळाले, ते मी मोजले.

तर माझी मागणी अशी. ठराव पुन्हा सभेपुढे घ्यावा. ‘जागा निसरडी’ हे शब्द त्यातून काढावेत, कारण ते खरे नाहीत. सफाईच्या काकांना मी काल भेटले आणि झाले ते सगळे सांगितले. ते म्हणाले, जाऊ द्या ताई. पण मंडळाने ज्या वहीत लिहिले, त्याच वहीत दुरुस्ती लिहावी असे मला वाटते.

आणि ज्यांना शिकायचे आहे त्यांनी मंगळवारी चार वाजता यावे. पहिले दोन दिवस बॅट हातात मिळणार नाही. चेंडूही नाही. दोघीदोघींनी चादर धरून कोर्टावर पुढेमागे चालायचे आहे. चपला चालणार नाहीत, बूट पाहिजेत, साडी असेल तर वर खोचून घ्यावी. जाऊबाई बाकावर बसून पायांकडे बघणार आहेत. मंडळाकडे चार बॅटी आहेत, त्यांतल्या एकीची मूठ सैल झाली आहे. ती मी दुरुस्तीला नेली आहे, सोमवारपर्यंत मिळेल.